दूरच्या सैनिकास घरची वार्ता

एप्रिलचा तिसरा सोमवार आला की आमच्या श्रूजबरी गावात सुट्टी असते. मॅसॅच्युसेट्स राज्यात हा देशभक्तांचा दिवस. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन व कॉन्कॉर्ड येथे झालेल्या लढायांच्या स्मरणार्थ तो पाळतात. त्या समयी येथील सेनानी आर्टेमस वॉर्ड आजारी होऊन अंथरुणास खिळले होते. वार्ता कानी आली आणि दुसऱ्याच दिवशी ते घोड्यावर बसून केंब्रिजला निघाले. त्यांचे घर आजही गावच्या मुख्य रस्त्यावर उभे आहे. त्यावरून जाताना आमच्या मनात नेहमी येते, की वॉर्डसाहेब भाग्यवान. वार्ता ऐकली आणि त्यांना निघता आले.

आजच्या सैनिकास हे भाग्य नाही. याच सुट्टीच्या दिवशी, १५ एप्रिल २०१३ रोजी, बोस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ दुपारी २ वाजून ४९ मिनिटांनी, काही सेकंदांच्या अंतराने दोन बॉम्ब फुटले. आपण ज्यात डाळभात शिजवतो त्या प्रेशर कुकरमध्ये ते भरलेले होते. तिघे ठार झाले, त्यांत आठ वर्षांचा एक मुलगा. अडीचशेहून अधिक माणसे जखमी झाली.

आमच्या शेजारच्या बाईंचा मुलगा तेव्हा अमेरिकन सैन्याबरोबर अफगाणिस्तानात होता. बाई धावपटूंना पाणी देण्यासाठी शर्यतीच्या मार्गावर गेलेल्या. तिकडे रात्रीचे साडेअकरा होत आले होते. मुलाने फोनवर फोन केले. पण त्या दुपारी बोस्टनच्या दूरध्वनींवर इतका भार पडला होता की कोणाचाच फोन लागेना. एरवी मुलाच्या काळजीने आई जागी राहायची. त्या रात्री आईच्या काळजीने मुलगा जागा राहिला. आम्ही संध्याकाळी त्यांच्या घरी बसलो असताना अखेर फोन लागला. “आई, तू कुठे आहेस?” हा त्याचा पहिला प्रश्न. दुसरा, “कोणी केले?” बाई म्हणाल्या, “कळेल तेव्हा सांगीन. तू काही खाल्लेस का?”

त्या उत्तराचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. जे घटनास्थळी होते त्यांच्या हातांना काम होते. पाठीवर ओझे घेऊन तीच वाट चालून आलेले नॅशनल गार्डचे सैनिक तेथे होते. त्यांनी कुंपणे ओढून काढली व जखमींकडे धाव घेतली. २००४ साली इराकमधील नजफ येथे ज्यांचा सैनिक पुत्र पडला ते कार्लोस अरेडोंडोही तेथे होते, तेही धावले. हजारो मैलांवरच्या सैनिकाच्या हातात काय असते? बंदूक असते, संताप असतो, आणि चौकी सोडता येत नाही. त्यात पुढे पकडलेल्या हल्लेखोराने अफगाणिस्तान व इराकमधील युद्धांचेच कारण पुढे केले. आपण घराच्या रक्षणासाठी येथे आलो, आणि आपल्या येथे येण्याचेच निमित्त करून घर पेटवले, हे ऐकून त्या मुलास काय वाटले असेल! अशा माणसाकडे घरची वार्ता कशी जाते, यास मोठे महत्त्व आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच्यासमोर दुसऱ्या दिवशी जी अनोळखी माणसे येणार, त्यांच्याकडे तो कोणत्या नजरेने पाहील हे काही अंशी आपल्या शब्दांवर ठरते.

आपल्या समाजातील कित्येक घराण्यांत जुन्या मुंबई फौजेतील सुभेदार होऊन गेले. त्यांना घरचे पत्र फार उशिरा मिळे; तोवर खरेखोटे निवळून जाई. (त्या उशिराची तेव्हा तक्रारच होती.) आता अफवा आईच्या फोनाआधी पोहोचते. कोणी म्हणतील, सैनिकापासून सत्य का लपवावे? लपवू नये. बाईंनी काही लपविले नाही. जे ठाऊक नव्हते तेवढे सांगितले नाही.

वार्तेनेही घात होतो हे आपण मुंबईत नोव्हेंबर २००८ मध्ये पाहिले आहे. नरीमन हाउस, ताज, ओबेरॉय येथील चकमकी दूरचित्रवाणीवर थेट दाखविल्या गेल्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ते पाहून आपल्या माणसांना फोनवर आज्ञा देत होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या खटल्यात त्या प्रक्षेपणावर कडक शब्दांत टीका केली.

परंतु दुसऱ्यांना दोष देण्यापूर्वी आमचेही सांगितले पाहिजे. बोस्टनच्या त्याच आठवड्यात, १८ एप्रिलच्या रात्रीनंतर, ब्राउन विद्यापीठातील एका बेपत्ता विद्यार्थ्याचे नाव हल्लेखोर म्हणून सर्वत्र फिरले. मुलगा भारतीय वंशाचा. पहाटे आम्हास एका परिचितांचा फोन आला आणि आम्ही, वर्गात मुलांना ‘आधी पडताळा, मग बोला’ असे शिकविणारे शिक्षक, ते नाव आणखी दोन घरी कळविले. त्या मुलाचा हल्ल्याशी काडीचाही संबंध नव्हता. काही दिवसांनी प्रॉव्हिडन्सच्या नदीत त्याचा मृतदेह सापडला. त्याचे कुटुंब महिनाभर त्याला शोधत होते.

सत्य कळल्यावर आम्ही त्या दोन्ही घरी जाऊन आमची चूक सांगितली. पहिल्या घरी त्यांनी ऐकून घेतले. दुसऱ्या घरी आजीबाई म्हणाल्या, “आम्ही तर तेव्हाच पुण्याला कळवले.”