विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’ होतो तेव्हा नेमके काय बंद पडते?

सातबारा असो की उत्पन्नाचा दाखला, पाटससारख्या गावातील सेवा केंद्रात कधी ना कधी ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर ऐकावे लागतेच. खेप वाया जाते, दिवसाची मजुरी बुडते. पण अनेकदा सर्व्हर सुरूच असतो. बंद पडलेला असतो त्यातील एखादा ‘डीमन’.

डीमन म्हणजे काय?

पडद्यामागे सतत जागा राहून विनंतीची वाट पाहणारा प्रोग्रॅम म्हणजे डीमन. तो ठरावीक क्रमांकाच्या ‘पोर्ट’वर कान लावून असतो. सुरक्षित वेबसाइटसाठी ४४३, तर दुरून सर्व्हर हाताळणाऱ्या ‘एसएसएच’साठी २२ हा क्रमांक रूढ आहे.

त्यांना सांभाळतो कोण?

१९८०च्या दशकात मेमरी महाग होती. म्हणून बीएसडी युनिक्समध्ये ‘आयनेटडी’ आला. हा एकच राखणदार सगळ्या दारांवर लक्ष ठेवी आणि विनंती आली की संबंधित सेवेला उठवी. पुढे ‘एक्सआयनेटडी’ने कोणाला, किती जणांना आत घ्यायचे यावर निर्बंध आणले. आज बहुतेक प्रमुख लिनक्स प्रणालींत हे काम २०१० मध्ये आलेला ‘सिस्टमडी’ करतो. तशी सूचना एका ओळीत लिहून ठेवली, तर कोसळलेली सेवा तो स्वतःच पुन्हा सुरू करतो. ती ओळ नसेल, तर कोणी लक्ष घालेपर्यंत रांग खोळंबते.

धोका कुठे आहे?

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या साधनात चोरवाट सापडल्याचे जाहीर केले. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याने त्यांना शंका आली होती. एसएसएचला एक्सझेडची मुळात गरज नाही. मात्र ‘मी सुरू झालो’ हा निरोप सिस्टमडीला देता यावा, म्हणून डेबियन, फेडोरा यांनी एसएसएचला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती. तिच्यामागून एक्सझेड आत आले. दूषित आवृत्त्या डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोहोचण्याआधीच पकडल्या गेल्या.

आपल्यासाठी धडा काय?

पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ची ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवर बेतलेली आहे. अशा सर्व्हरवर नको असलेल्या सेवा बंद ठेवणे, दुरुस्त्या वेळेत घेणे आणि कोसळलेली सेवा आपोआप उठेल अशी सोय करणे, ही कामे फुकट होतात; लागतो तो जबाबदार माणूस. त्यामुळे पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन’ ऐकले, तर कोणती सेवा बंद आहे आणि तक्रार नोंदवली का, एवढे जरूर विचारा.