झेंडा आणि भाकरी

२९ सप्टेंबर १९४२. बंगालमधल्या मेदिनीपूर जिल्ह्यातील तमलूकच्या पोलीस ठाण्यावर सुमारे सहा हजारांचा मोर्चा चालला होता. त्यात बायाच अधिक. पुढे होत्या सत्तरी ओलांडलेल्या मातंगिनी हाजरा. गोळ्या लागल्या तरी त्यांनी तिरंगा खाली पडू दिला नाही. ‘वंदे मातरम्’ म्हणतच त्यांनी देह ठेवला. आज त्यांचा स्मृतिदिन.

दरवर्षी आपण हा शेवटचा प्रसंग सांगतो, त्याआधीची बारा वर्षे सांगत नाही. तमलूकजवळच्या होगला गावच्या गरीब शेतकऱ्याची ही लेक. शाळा नाही, लग्न बालपणीच, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरी मूल नाही. गावाच्या हिशेबी आयुष्य तिथेच संपले होते. मातंगिनींनी ते साठीत नव्याने सुरू केले. १९३० साली मिठाचा कायदा मोडून अटक झाली. मग चौकीदारी कराविरुद्धचा लढा. चौकीदार गावावर नजर ठेवणार सरकारसाठी आणि त्याचा पगार भरायचा गावाने! या लढ्यात सहा महिने बहरामपूरचा तुरुंग भोगला. सुटल्यावर चरखा हाती घेतला. लोक त्यांना ‘गांधी बुडी’, म्हणजे गांधी म्हातारी, म्हणू लागले. साम्राज्य म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. मिठाच्या मडक्यात आणि कराच्या वसुलीत ते रोज भेटत होते.

त्याच सप्टेंबरात, ९ तारखेला, आपल्याकडे वडूजच्या मोर्चात परशुराम घार्गे हाती तिरंगा घेऊनच कोसळले. पुढे तमलूकला ताम्रलिप्त जातीय, म्हणजे राष्ट्रीय, सरकार उभे राहिले, साताऱ्यात प्रतिसरकार. भूमिगतांचे हे राज्य कुणाच्या तरी चुलीवर चालत होते. अपरात्री दार वाजले की न विचारता पीठ मळणाऱ्या, फौजदार आला की ‘घरात कुणी नाही’ म्हणणाऱ्या बाया गावोगाव होत्या.

मातंगिनींचा पुतळा १९७७ साली कोलकात्याच्या मैदानावर उभा राहिला, ते योग्यच झाले. पण स्वातंत्र्यसैनिक म्हणून सन्मानवेतन मिळवायचे तर तुरुंगवासाचा किंवा भूमिगत असल्याचा पुरावा हवा. भाकरी थापल्याचा दाखला कुठली कचेरी देणार?

नव्वदी पार केलेली एखादी आजी अजून कुणाच्या घरी असेल. आज तिच्याजवळ बसून एवढेच विचारावे: आजी, तुझ्या आईने त्या रात्री किती भाकऱ्या केल्या होत्या?