उत्तरे ताडून पाहू द्या!

“झाले ते झाले, आता उत्तरे ताडून पाहू नका,” हा वडीलधाऱ्यांचा उपदेश मला साफ नामंजूर आहे. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा देऊन मुले फाटकाशी घोळका करतात, एकमेकांची उत्तरे पडताळतात. त्यात एवढे बिघडले काय? बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला उणे एक, हा हिशेब आपणच त्यांच्या डोक्यावर बसवला. तो ती मांडणारच!

पण वाचकहो, त्या घोळक्यात गुणांहून मोलाचे काही घडते. “तुझे दोन कसे? माझे चार आले,” असे म्हणत मुले कारण विचारू लागतात. 2024 सालचेच पाहा. जुने पाठ्यपुस्तक प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर म्हणत होते, नवे बहुतेकांचेच. परीक्षकांनी दोन्ही उत्तरे मान्य केली! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दिल्लीच्या आयआयटीतील तीन तज्ज्ञांनी एकच उत्तर खरे ठरवले, आणि 720 पैकी 720 मिळवलेले 44 जण 715 वर आले.

उत्तर ताडून पाहणे न्यायालयाला शोभते, मग मुलांनाच का नाही? उद्या रोग्याच्या उशाशी दोन डॉक्टरांचे निदान जुळले नाही, तर त्यांना कारण विचारायची सवय हवी, की गप्प बसायची?

दटावायचेच असेल तर मूल उंबरठ्यात पाऊल टाकते न टाकते तोच “किती पडतील?” विचारणाऱ्या तुम्हा-आम्हाला दटावा. निदान फराळाच्या ताटावर तरी तो प्रश्न वाढू नका!