शनिवारचा इंग्रजीचा तास

तर झालं असं, की मामेबहीण यंदा दहावीला आहे आणि "तू आयटीत आहेस ना, दिवसभर इंग्रजीच बोलतोस, मग हिचं इंग्रजी घे" असा मामीचा हुकूम सुटला. गेले चार शनिवार सकाळी चहाबरोबर टेन्स, व्हॉइस, फिगर्स ऑफ स्पीच वगैरे वगैरे चालू आहे. वाटलं होतं, सोपं जाईल. कसलं काय!

सुरुवात कवितेपासून केली. तिच्या वहीत राइम स्कीम, सिमिली, मेटाफर सगळं सुवाच्य अक्षरात. "आता कविता मोठ्याने वाच," म्हटलं तर म्हणे, "दादा, वाचायला कुठे मार्क असतात?" बरोबर आहे तिचं. माझ्या वेळीही नव्हते.

गंमत म्हणजे मराठीच्या तासाला आपण यमाताराजभानसलगा घोकत लघु-गुरूच्या खुणा केल्या आहेत. मनाचे श्लोक म्हणताना भुजंगप्रयात आपोआप कानात बसलं. इंग्रजी कविता मात्र लघु-गुरूवर चालत नाही, आघातावर चालते. शेक्सपिअरच्या सॉनेटची ओळ म्हणजे साधारण दहा अक्षरं, एक हलकं, एक जोरात, अशा पाच जोड्या. केशवसुतांनी सॉनेट मराठीत आणलं तेव्हा चौदा ओळी आल्या, आघात आला नाही, कारण आपल्या भाषेला त्याची गरजच नाही.

पण इंग्रजीला आहे, आणि नुसती कवितेत नाही. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर 'रे'वर, क्रियापद असेल तर 'कॉर्ड'वर. 'ऑब्जेक्ट', 'प्रेझेंट' यांचंही तेच. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्या अक्षरावरचा जोर 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर जातो, आणि मग पहिला 'फो' जवळजवळ 'फ' होतो. मला हे कळलं नोकरीला लागल्यावर. एका डेमोत मी 'डेव्हलप' म्हणताना सगळा जोर 'डे'वर टाकत होतो. पलीकडचा माणूस तीनदा "सॉरी?" म्हणाला. मला वाटलं आपलं ग्रामर कच्चं आहे. पुढे वर्षभर मी कॉलवर गप्प आणि चॅटवर पोपट. डेमो अर्थातच दुसऱ्याकडे गेले. शाळेत कुणी एक कविता टाळ्या वाजवत म्हणून घेतली असती तर? माझं ठाम मत आहे की स्पोकन इंग्लिशचा क्लास लावण्याआधी हे करून बघावं. फुकट आहे.

ग्रामरचं उलट. ते शिकवतात भरपूर, पण कशासाठी ते सांगत नाहीत. 'राम इट्स अ मँगो'चं 'अ मँगो इज ईटन बाय राम' तिने अडीच सेकंदांत केलं. हे कधी वापरायचं, विचारलं तर गप्प. कर्ता माहीत नसेल किंवा महत्त्वाचा नसेल तेव्हा, हे मी सांगितलं. तिसरा उपयोग ऑफिसात शिकायला मिळतो. एकदा माझ्या हातून चुकीची फाइल सर्व्हरवर गेली. मी मेल लिहिला, 'अ राँग फाइल वॉज अपलोडेड'. क्लायंटचं दोन शब्दांचं उत्तर आलं, 'बाय हूम?' पॅसिव्ह व्हॉइसचा इतका चांगला धडा मला शाळेत मिळाला नव्हता.

व्होकॅब्युलरीबद्दल फार बोलत नाही. यादी पाठ करून शब्द येत नाहीत, गोष्टींची पुस्तकं वाचून येतात. तिला वाचायला एक दिलंय, बघू.

काल निबंध होता. वहीत 'माय मदर' गाइडमधून उतरवलेला. त्यातली आई पहाटे पाचला उठते, देवपूजा करते, गरम नाश्ता बनवते. आमची मामी नर्स आहे. आठवड्यातून चार रात्री ड्यूटी, सकाळी साडेआठला घरी येऊन झोपते. आम्ही निबंध लिहीत होतो तेव्हाही झोपलीच होती. म्हटलं, हिच्याबद्दल लिही.

तिने नऊ वाक्यं लिहिली. तीन टेन्स चुकले, एक स्पेलिंग. दुपारी मामीने उठल्यावर वही वाचली, काही बोलली नाही, आत गेली.

"दादा, पण परीक्षेत कुठला लिहू?" तिने विचारलं. म्हटलं, हाच. टेन्स पुढच्या शनिवारी नीट करू.