उशीखालची पुस्तके

आमच्या घरात पुस्तकांच्या दोन जाती होत्या. एक काचेच्या कपाटात ठेवायची आणि दुसरी उशीखाली. पहिली पाहुण्यांना दाखवण्यासाठी, दुसरी वाचण्यासाठी. बाबूराव अर्नाळकरांची जात अर्थातच दुसरी!

बाबूरावांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ सालचा, मृत्यू १९९६ सालचा. ह्या गृहस्थांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. आपल्या हातून जन्मभरात हजार पत्रेसुद्धा होत नाहीत. झुंजार, धनंजय, काळा पहाड हे त्यांचे मानसपुत्र. शिवाय त्यांचे चष्म्याचे दुकान होते. त्यावरून आमचे काका थट्टा करीत, "आधी रात्रभर वाचायला लावून डोळे बिघडवायचे, मग चष्मा विकायचा. धंदा करावा तर असा!"

थट्टा राहू द्या. आमच्या वडिलांवर ह्या लेखकाचे मोठे ऋण होते. आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यात होते. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत, कचेरीही उर्दूत. वडिलांची मराठी घरात बोलण्यापुरती. छापील मजकूर समोर आला की अडखळत. पुढे कारभार मराठीत आला, तेव्हा चाळिशीकडे झुकलेला हा माणूस पुन्हा बाराखडीशी झटू लागला. त्यांना सरसर वाचायला शिकवले ते काळ्या पहाडाने. पोलीस दाराशी आले आहेत आणि काळा पहाड अजून आतच आहे, अशा वेळी जोडाक्षरापाशी थांबायला कुणाला सवड असते?

त्यांच्या उशीखाली आणखी एक पुस्तक असे, उजवीकडून डावीकडे वाचायचे. ते इब्ने सफी यांचे. खरे नाव असरार अहमद, जन्म १९२८ सालचा. १९५२ साली अलाहाबादेत त्यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली आणि त्याच वर्षी ते कराचीला गेले. माणूस गेला, पण कादंबऱ्या अलाहाबादेहून निघतच राहिल्या. मध्यंतरी आजारपणाने तीनेक वर्षे लेखणी थांबली. १९६३ साली 'डेढ मतवाले' आली, तेव्हा वडिलांना दूरचा भाऊ बरा होऊन घरी आल्यासारखे वाटले. १९७४ साली इब्ने सफींच्या इमरानमालेतल्या कादंबरीवर 'धमाका' हा चित्रपट आला. पण कादंबरीचे यश तिथे लाभले नाही, आणि खुद्द इमरान तर पडद्यावर दिसलाच नाही. मला त्याचे नवल वाटत नाही. लाखो वाचकांनी आपापला इमरान मनात रंगवलेला. एक नट त्या साऱ्यांना कसा पुरा पडणार? १९८० साली, आपल्या जन्मदिवशीच, २६ जुलैला ते वारले.

दोघांच्याही पुस्तकांत अचकट-विचकट काही नसे. त्यामुळे आईची तक्रार विजेच्या बिलापुरतीच राही.

अशा लेखकांना आपण 'करमणूक करणारे' म्हणून एका शब्दात निकालात काढतो. पण वडील उतारवयात रोज सकाळी ज्ञानेश्वरी वाचीत, तीही न अडखळता. त्या ओवीपर्यंत त्यांना कोणी आणून सोडले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून वाचकहो, दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावर पाने निखळलेली एखादी रहस्यकथा सापडली, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी तिच्या पहिल्या पानावर कोणाचे नाव आहे, तेवढे बघा.