विणलेला बूट पाय कसा धरतो?



पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली आज आपल्या बहुतेक वस्त्यांत आहेत. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते व वेळेवर गुण ठरतात. त्यामुळे घरात पहिला खर्च निघतो तो बुटांचा. हल्ली बाजारात मोज्यासारखे विणलेले बूट जास्त दिसतात. हाताला मऊ, वजनाला हलके, पाय घालताच बरे वाटते. परंतु पायाला बरे वाटणे आणि पाय घट्ट धरला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वळणावर पाय बुटात सरकला तर फोड येतात, नख काळे पडते, घोटा मुरगळतो. ऐन भरतीच्या तोंडावर असे झाले तर वर्षभराची मेहनत वाया जाते. म्हणून हा बूट कसा तयार होतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

स्वेटर विणणाऱ्या आपल्या मायभगिनींना यातले अर्धे शास्त्र आधीच ठाऊक आहे. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे सरळ असतात, म्हणून ते फारसे ताणत नाही. सुयांवरच्या विणीत धागा टाक्याटाक्याने वळलेला असतो. ओढले की टाके पसरतात, सोडले की परत येतात. एक सुलट, एक उलट अशी वीण रुंदीत किती ताणते, हे स्वेटरच्या बाहीवर आपण पाहतोच. हा ताण पायाला सुखाचा वाटतो, पण पकडीला तोच नडतो.

मग उपाय काय? सगळा बूट सारखाच न विणता जागा पाहून वीण बदलायची. बोटांवर हवा खेळावी म्हणून जाळीची वीण. घोट्याभोवती ताणणारी वीण, त्यात लवचिक धागा. पावलाच्या मधल्या भागावर मात्र ताण कमी हवा, कारण लेस आवळल्यावर पाय तिथेच धरला जातो. तिथे दर एक-दोन टाक्यांनंतर टाका न घालता धागा मागून सरळ सोडतात. सरळ धाग्याला पसरायला जागा नसते, म्हणून तेवढी पट्टी ताणत नाही. काही बुटांत सोलपासून लेसच्या भोकापर्यंत मजबूत दोऱ्या घातलेल्या असतात. लेस ओढली की त्या दोऱ्या पावलाला दोन्ही बाजूंनी आवळतात.

दुसरी युक्ती वितळणाऱ्या धाग्याची. साध्या पॉलिएस्टरबरोबर कमी उष्णतेत वितळणारा धागा विणतात. वाफ किंवा उष्णता दिली की तो वितळून शेजारचे टाके एकमेकांना चिकटवतो आणि तेवढा भाग ताठ होतो. लेसची भोके, टाचेची बाजू, बोटांचे टोक यांसाठी हे उपयोगी पडते. टाचेला बहुधा आतून प्लास्टिकची कडक वाटीही बसवतात. टाच हलली तर बाकी सगळी पकड निकामी.

हे काम कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सपाट विणकाम यंत्रावर होते. जर्मनीची श्टोल आणि जपानची शिमा सेइकी ही त्यातली प्रसिद्ध नावे. बुटांच्या यंत्रात बहुधा इंचाला १४ सुया असतात. प्रत्येक ओळीत कोणत्या सुईने टाका घ्यायचा आणि कोणत्या सुईने सोडायचा, हे डिझाइन करणारा आधी मांडून देतो. नाइकीने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लायनिट’ आणला, त्याच वर्षी आदिदासने ‘प्राइमनिट’. नाइकीच्या त्या पहिल्या शर्यतीच्या बुटाचे वजन जेमतेम १६० ग्रॅम होते.

यात हिशेब चुकून चालत नाही. समजा, १० सेंटिमीटरचा नमुना वाफ दिल्यावर आटून ९ सेंटिमीटर झाला. मग तयार तुकडा १८ सेंटिमीटर हवा असेल तर यंत्रावर २० विणावा लागतो. नंतर तो पायाच्या आकाराच्या फर्म्यावर चढवतात. विणलेला भाग फर्म्यापेक्षा किंचित लहान ठेवला तर अंगाला नीट बसतो. फार लहान ठेवला तर पाय आवळतो आणि सैल ठेवला तर सरकतो.

विणीला उणी बाजूही आहे. ती पाणी शोषते आणि ओला बूट जड होतो. म्हणूनच २०१९ मध्ये नाइकीने मॅरेथॉनच्या ‘व्हेपरफ्लाय नेक्स्ट पर्सेंट’ बुटाला फ्लायनिट न वापरता कमी पाणी शोषणारे दुसरे कापड घेतले. आपल्याकडच्या पावसाळ्यात ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता खरेदीचे. दुकानात सायंकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. रोजचे मोजे घालूनच बूट घालावा. टाचेची मागची बाजू अंगठ्याने दाबावी. ती सहज चेपली तर बूट परत ठेवावा. लेस बांधून मधला भाग दोन्ही बाजूंना ओढून पाहावा. रबरासारखा ताणला तर पळण्यासाठी तो कामाचा नाही. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मग दुकानातच झटकन वळून पाहावे. पाय सोलच्या कडेबाहेर झुकतो का, टाच वर उचलते का? लेस नसलेला मोज्यासारखा बूट बाजारात जायला ठीक, मैदानावर नको. काही स्वस्त बुटांवर तर विणीची नुसती नक्षी छापलेली असते, तेही निरखून घ्यावे.

आणखी एक गोष्ट पालकांना सांगावीशी वाटते. पादत्राणाचे काम आपल्या देशात जातीला बांधले गेले. ज्यांनी जगाचे पाय जपले, त्यांच्याच वाट्याला अवहेलना आली. आज तेच काम धागा, यंत्र आणि गणित यांच्या आधारे नव्याने उभे राहत आहे आणि ते शिकवणाऱ्या संस्था आहेत. नोएडाची फूटवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट १९८६ पासून आहे. आग्रा आणि चेन्नई येथे केंद्र सरकारच्या पादत्राण प्रशिक्षण संस्था आहेत. खारघरच्या निफ्टमध्ये विणलेल्या कपड्यांच्या डिझाइनचे शिक्षण मिळते. ज्या मुलीला टाके मोजता येतात आणि गणिताची भीती वाटत नाही, तिला बारावीनंतर याही वाटेची माहिती द्या. बूट विकत घेणारे आपण पुष्कळ आहोत; त्याचा आराखडा काढणारेही आपल्या घरांतून निघाले पाहिजेत.