फरक किती, तेही सांगा

देवणी गाय सांभाळणाऱ्या लातूर-नांदेडकडच्या पशुपालकाला खनिज मिश्रण सुचवलं की तो लगेच विचारतो, “डॉक्टरसाहेब, दूध किती वाढंल?” आपल्या बहुतेक शोधनिबंधांत याचं उत्तर सापडत नाही. तक्त्यातल्या आकड्यावर तारा असतो, खाली ‘पी ०.०५ पेक्षा कमी’ आणि निष्कर्षात ‘लक्षणीय वाढ’.

समजा, दूध दिवसाला सरासरी २०० मिली वाढलं आणि ९५ टक्के विश्वास अंतराल २० ते ३८० मिली आहे. तारा इथेही मिळेल. पण २० मिलीत मिश्रणाचा खर्चही निघत नाही. ३८० मिली वाढलं तर वर चार पैसे सुटतात. पशुपालकाला नेमकं हेच कळायला हवं, आणि निबंधात तेच गाळलेलं असतं.

उलट चूक जास्त घातक. शुद्ध देवणी गायी एका गोठ्यात मोजक्याच मिळतात. सहा-सहा गायींचे दोन गट, पी ०.१२, आणि लगेच ‘उपचाराचा परिणाम नाही’ असा निर्वाळा. एवढ्या छोट्या नमुन्यात चांगला उपचारही नजरेतून निसटतो. परिणाम दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं होत नाही.

तिसरी खोड रक्ततपासणीची. परस्परांशी संबंध नसलेले वीस घटक तपासले आणि उपचार अगदी निरुपयोगी असला, तरी निदान एक घटक ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. मग तोच एक निबंधाच्या शीर्षकात जातो. काय मोजायचं ते प्रयोगाआधीच लिहून ठेवलं पाहिजे.

०.०५ ही रोनाल्ड फिशरने १९२५च्या पुस्तकात सोयीची म्हणून सुचवलेली रेघ. केवळ ती ओलांडली की नाही यावरून निष्कर्ष काढू नका, असं अमेरिकन सांख्यिकी संघटनेने २०१६मध्ये स्पष्ट बजावलं. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचा, नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीवरचा १९९९चा ‘लॅन्सेट’मधला निबंध जरूर वाचा. पी मूल्य त्यातही आहे, पण दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून २५.५ वर आले, हे कोणालाही समजतं. तुलनेच्या गावांतला दर मात्र साठीच्या आसपासच राहिला, हेही तिथेच दिलं आहे.

उदगीर-परभणीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना विनंती: लेखात फरक लिटरमध्ये द्या, सोबत विश्वास अंतराल आणि प्रत्येक गोठ्यातली जनावरं किती तेही द्या. नीट आखलेल्या प्रयोगात फरक आढळला नसेल, तरी लेख पाठवा. तो आम्ही छापू.